वहीत नसलेलं धुकं

उत्तर समुद्राकाठच्या पीटरहेडमध्ये कॉर्डिनर आडनावाची इतकी घरं आहेत, की नुसत्या आडनावावर पत्र टाकलं तर पोस्टमन वैतागून ते बंदरात फेकेल. म्हणून मच्छीमारांच्या गल्ल्यांत प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं, आणि ते आडनावापेक्षा पक्कं असतं. एल्माच्या घराचं टोपणनाव ‘तोफ’. बाजारात, चर्चमध्ये, दवाखान्याच्या रांगेत ती तोफेची एल्मा. नवऱ्याचं नाव लावायची वेळ तिच्यावर कधी आली नाही, त्यामुळे अडुसष्ट वर्षं तिने हेच नाव वागवलं. वागवलं म्हणजे चांगलं मिरवलं.

तोफ कुठली, तर ‘बेल्हेल्वी’ जहाजावरची. १८६८च्या ऑगस्टमध्ये हे जहाज ग्रीनलंडच्या पलीकडे, डेव्हिसच्या सामुद्रधुनीत देवमाशांच्या शिकारीला गेलं होतं. त्याची एक होडी सहा माणसांसकट परत आली नाही. दाट धुकं पडलं होतं. एल्माचे पणजोबा अलेक्झांडर हे जहाजावरचे पहिले अधिकारी. त्यांनी पाच दिवस जहाज जागचं हलू दिलं नाही, आणि होडीला आवाजावरून वाट सापडावी म्हणून स्वतःच्या हाताने एकेचाळीस वेळा तोफ डागली. होडी मिळाली नाही ती नाहीच. पण माणसांसाठी जे करता येतं ते सगळं केलं, असं गावाने मानलं आणि घराला नाव देऊन टाकलं. हे आधीच सांगायला हवं, नाहीतर एल्मा पुढे जे करते तो निव्वळ वेडेपणा वाटेल. वेडेपणा तो आहेच, पण निव्वळ नाही.

ती स्वतः एकतीस वर्षं किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात होती. उत्तर समुद्रातल्या बोटींना हवामान वाचून दाखवायचं, हे तिचं काम. वारा कुठला, किती जोराचा, वादळ कधी. सरळ सपाट आवाजात, एकेक आकडा सुटा. तिच्या शब्दावर माणसं जाळी टाकत आणि गुंडाळत. तिने कधी चुकीचा आकडा वाचला नाही, हे ती सांगत नसे, लोक सांगत. त्यांत सगळ्यांत मोठ्याने सांगणारा डॉड बर्नी.

“ही बाई रेडिओवर ‘वादळ’ म्हणाली की मी आधी जाळं वर घ्यायचो, मग देवाचं नाव,” असं तो चारचौघांत म्हणे. डॉड बहात्तर वर्षांचा, मोठ्या मासेमारी बोटीचा निवृत्त कप्तान, हातांचे पंजे फावड्याएवढे. त्या हरवलेल्या होडीतल्या सहांपैकी एक होता जेम्स बर्नी, वय तेवीस, घरी बायको पोटुशी. त्या पोटातल्या पोराचा डॉड हा नातू. या गोष्टीवरून दोघांत कधी शब्द झाला नव्हता. व्हावा तरी कशाला? याच्या पणजोबांसाठी तिच्या पणजोबांनी तोफ डागली होती. एल्माला तर ते एक जुनं नातंच वाटे.

गेली चार वर्षं दोघं मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला बंदरावरच्या जुन्या वाचनालयाच्या माडीवर समोरासमोर बसत. काम विद्यापीठातल्या हवामानवाल्यांचं. दीडशे वर्षांपूर्वी त्या गोठलेल्या पाण्यात कोण जात होतं? देवमासेवाल्यांशिवाय कुणी नाही. आणि जहाजावर रोज वही लिहावीच लागे: जागा कुठली, वारा कुठला, दाबमापकाचा पारा किती, आकाश कसं, बर्फ दिसला का. आपण पुढच्या लोकांसाठी हवामान लिहितोय, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांना फक्त मालकाला जाब द्यायचा होता. पण आता त्या वह्या जुळवून तेव्हा बर्फाची कड कुठवर होती याचा नकाशा बनत होता, आणि तो आताच्या बर्फाशेजारी ठेवला की भल्याभल्यांची झोप उडत होती.

पद्धत अशी, की एकाने पानाचा फोटो बघून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने ऐकून टंकायचं. डॉडला ती तिरकी जुनी अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत, म्हणून वाचायची एल्मा आणि दोन बोटांनी टंकायचा डॉड. तेच पान दूर शेटलंडमधली दुसरी एक जोडी वाचे. दोन्हीकडचं हवामान जुळलं तर पक्कं. जुळलं नाही तर तीन आठवड्यांनी पान दोघांकडे परत. शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता. त्यात उरलंसुरलं टाकायचं: कुणाला ताप, कुणाचं भांडण. तो भरला तरी चाले, न भरला तरी चाले. तो रकाना कुणी जुळवून बघत नसे.

दोन वर्षांपूर्वी बेल्हेल्वीची वही आली होती, पणजोबांच्या हातची. एल्मा त्या दिवशी इस्त्रीचा ब्लाउज घालून आली होती. “चौदा ऑगस्ट, दाट धुकं, जागीच थांबलो, तोफेचे नऊ बार,” असं तिने रेडिओवरच्या आवाजात वाचलं, पाचही दिवस. टंकून झाल्यावर डॉड उठला आणि चहाचं आधण ठेवलं. हेलावला असेल, असं तिला वाटलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी, पीटरहेडशी जुनी चुरस असलेल्या डंडी बंदराच्या ‘मेथवेन’ जहाजाची वही आली. तेच वर्ष, तीच सामुद्रधुनी.

“डंडीवाल्याचं अक्षर कसं आहे?” डॉडने बटरीचा तुकडा मोडत विचारलं. खारट, चपट्या, लोण्यात मुरलेल्या पावासारख्या बटऱ्या तो दर वेळी कागदाच्या पिशवीतून आणे, आणि तूपकट बोटं पुसल्याशिवाय टंकायला बसू नकोस म्हणून दर वेळी बोलणी खाई.

“डंडीवाल्यासारखंच. पसरट, आणि शाईची उधळपट्टी.”

“आपल्याकडची शाई चोरलेली असेल.”

बारा तारीख झाली, तेरा झाली. रेडिओवरच्या सवयीने एल्माचं तोंड एका ओळीवर असे आणि डोळे पुढच्या ओळीवर. “चौदा ऑगस्ट,” ती म्हणाली, आणि डोळे पुढे जाऊन थिजले.

पानावर होतं ते असं: निरभ्र. नैर्ऋत्येची हलकी झुळूक. बर्फ नजरेत नाही. शेरा: पीटरहेडचं बेल्हेल्वी ईशान्येला सात मैलांवर, कडेला मासा बांधून चरबी कापताहेत. संध्याकाळी सहाला डोलकाठीवरच्या माणसाला उत्तरेकडे एक होडी दिसली, वल्ही चालू. बेल्हेल्वीचीच असणार, तेच तिला घेतील असं समजून आम्ही वाट बदलली नाही.

मासा म्हणजे देवमासा. ती माणसं त्याला नुसतं मासाच म्हणत. बेल्हेल्वीच्या वहीत त्या अख्ख्या मोसमात एकच मासा होता. समासात त्याच्या शेपटीचं चित्र होतं, एकोणीस तारखेपुढे. धुकं विरलं आणि मासा मिळाला, असं पणजोबांनी लिहिलं होतं.

“चौदा ऑगस्ट. पुढे?” डॉडची बोटं वर थांबलेली होती.

माणसाला खोटं बोलायला किती वेळ लागतो? एल्माला आयुष्यभर वाटत आलं होतं की बराच लागत असेल. आधी ठरवावं लागत असेल, मनाची तयारी करावी लागत असेल. तसलं काही लागत नाही.

“धुकं,” ती म्हणाली. “दाट.”

डॉडने टंकलं. “शेरा?”

“शेरा... नाही काही.”

मग पंधरा, सोळा, सतरा, अठरा. पाचही दिवस पानावर निरभ्र होतं, आणि पाचही दिवस तिने धुकं वाचलं. पारा मात्र तिने खरा वाचला, स्वच्छ हवेत असतो तसा उंच. तिथे जीभ वळेना. एकोणीसला आल्यावर तिला केवढं तरी हायसं वाटलं, कारण ते जसंच्या तसं वाचता येत होतं. “एकोणीस ऑगस्ट. उत्तरेचा वारा, सोसाट्याचा. समुद्र खवळलेला. शिडं उतरवली.” हे तिने गरजेपेक्षा मोठ्याने वाचलं.

“उत्तरेचा,” डॉड टंकता टंकता म्हणाला. “म्हणजे उघड्या होडीला एकोणीसपर्यंतच वेळ होता.”

एल्माने घशाचं निमित्त केलं आणि त्या दिवशी अकरालाच काम थांबवलं.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात कोट न काढता बसली. एक आशा होती. जुन्या जहाजांचा दिवस दुपारी बाराला सुरू होई, मध्यरात्री नाही. एका वहीचा दिवस दुपारचा असेल, दुसरीचा मध्यरात्रीचा असेल, तर तारखा अर्ध्या दिवसाने सरकतात. नवख्या लोकांच्या यात हमखास चुका होतात, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच एल्माला नवखं असावंसं वाटलं. तिने बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. दोन्ही जहाजांचा दिवस दुपारीच सुरू होत होता. आणि अर्धा दिवस सरकवला तरी पाच दिवसांचं धुकं सरकणार कुठे? एकेचाळीस बारांपैकी एकही सात मैलांवरच्या डंडीवाल्यांना ऐकू आला नव्हता. नितळ हवेत तोफ सात मैल सहज ऐकू जाते.

बारच झाले नव्हते, तर ऐकू काय जाणार!

मासा सोडला असता तर मोसम रिकामा गेला असता. होडी येईल आपली आपण, हवा छान आहे, असं म्हणत चरबी कापत राहिले असतील. मग एकोणीसला वारा सुटला, जहाज दक्षिणेला पळालं, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न उभा राहिला. हुकूम कप्तानाचा असेल. असेलच. पण वही अलेक्झांडरच्या हातची होती. धुकं त्याने घातलं, आणि तोफेचे बार त्यानेच मोजून घातले: नऊ, आठ, नऊ, सात, आठ. किती व्यवस्थित! त्या दुपारपासून एल्मा मनात पणजोबांना अरेतुरे करू लागली.

आणि स्वतःला काय म्हणावं, हे तिला ठरवता येईना. त्याला निदान कप्तानाची भीती असेल. तिला कुणाची होती?

पान तीन आठवड्यांनी परत येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेटलंडवाले काही तोफेच्या घरातले नव्हते. ते निरभ्रच वाचणार. म्हणजे तिने लपवलं काहीच नव्हतं, फक्त तीन आठवडे उसने घेतले होते. या तीन आठवड्यांत डॉडला आपण होऊन सांगायचं, असं तिने ठरवलं. गुरुवारी ती सांगायच्या तयारीने गेली, तर डॉड नातीच्या दातांचं पुराण घेऊन बसला. पुढच्या मंगळवारी तिने तोंड उघडलं आणि “खिडकी लाव, वारा येतोय,” एवढंच बाहेर पडलं. डॉडने खिडकी लावली. ती लावलेलीच होती, त्याने पुन्हा दाबली.

दुसऱ्या आठवड्यात विद्यापीठातली फिनेला पडद्यावर बोलायला आली. तिशीची, हुशार, केस नेहमी पेन्सिलीने अडकवलेले. ती या दोघांवर जीव टाकी.

“एल्मा, डॉड, तुम्हाला माहितेय का तुम्ही काय करून ठेवलंत?” ती म्हणाली.

एल्माने खुर्ची पुढे ओढली. “काय गं, पोरी?”

“मेथवेन! त्या पट्ट्यात अडुसष्टच्या ऑगस्टची आमच्याकडे एकटी बेल्हेल्वी होती. एका वहीवर किती विश्वास ठेवायचा? आता दुसरीही धुकंच म्हणतेय. तिथे पाच दिवस असं धुकं म्हणजे बर्फ जवळ असणार. कड मी चाळीस मैल दक्षिणेला घेतेय. शेटलंडचं आलं की पक्कं.”

“पण पारा?” एल्मा हळूच म्हणाली. “पारा उंच होता.”

“हो, तेच जरा चमत्कारिक आहे. पण दोन-दोन वह्या सांगतायत म्हटल्यावर माणसाने पाऱ्याचं किती ऐकायचं?”

एल्माने बाजूला बघितलं. डॉड पडद्याकडे बघत होता, चेहऱ्यावर काही नाही. फिनेला निरोप घेऊन गेली. चाळीस मैलांचा बर्फ एल्माने एका शब्दाने पाण्यावर पसरून ठेवला होता. अलेक्झांडरने गावाला फसवलं. तिने त्याच्या खोट्याला साक्षीदार उभा केला, तोही दीडशे वर्षांनी, आणि तोही डंडीचा!

“सांगायला हवं होतं काही तिला?” डॉडने विचारलं.

“कशाबद्दल?”

“पाऱ्याबद्दल. तू म्हणालीस ना मघाशी.”

“नाही. काही नाही.”

“बरं,” डॉड म्हणाला, आणि कोट चढवून गेला. त्या दिवशी बटऱ्यांची पिशवी तशीच राहिली. एल्माने ती घरी नेली, त्यातलं काही खाल्लं नाही, आणि तिला ते टाकवलंही नाही.

तीन आठवडे भरले त्या मंगळवारी ती साडेनऊलाच पोचली. आधी आपण पान उघडू, डॉडला दारातच गाठून सांगू, असा बेत होता. डॉड तिच्याही आधी येऊन बसला होता. त्याच्यासमोर छापलेला कागद होता. छापलेलं त्याला स्वच्छ वाचता येई. पाच ओळी, प्रत्येक ओळीत एकीकडे ‘धुकं’ आणि दुसरीकडे ‘निरभ्र’.

“पान परत आलंय,” तो म्हणाला.

“डॉड, मी तुला सांगणार होते.”

“कधी?”

ती खुर्चीत बसली. “तिथे निरभ्रच लिहिलंय,” ती म्हणाली. “पाचही दिवस. धुकं मी घातलं. बेल्हेल्वी सात मैलांवर मासा कापत उभी होती. तोफ-बिफ काही नाही. सगळं खोटं, डॉड. आमच्या घराचं नावसुद्धा.”

डॉडने मान डोलावली. कुणी वाऱ्याची दिशा सांगितल्यावर डोलावतात तशी.

“माहितेय,” तो म्हणाला.

“कधी कळलं? आज?”

“आज कसं? मी सात-आठ वर्षांचा असेन तेव्हाच कळलं. बेल्हेल्वीवर पिंपं बांधणारा एक म्हातारा होता. तो होडी गेली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आमच्या पणजीकडे आला, ओट्याशी उभा राहून रडला आणि सगळं सांगून गेला. पणजी म्हणाली, याच गल्लीत राहायचंय, याच विहिरीचं पाणी प्यायचंय, कागदावर त्यांनी धुकं लिहिलंय, माझ्याकडे कागद नाही. घरातच ठेवा. आम्ही घरात ठेवलं.”

एल्माला वाटलं, खोलीतली हवाच कुणीतरी काढून घेतली. “आणि मी... मी बेल्हेल्वी वाचत होते तेव्हा तू...”

“चहा टाकायला उठलो होतो. नाहीतर काहीतरी बोलून बसलो असतो.”

“मग या कामाला तू आलास कशाला?”

“दुसऱ्या कुणाची तरी वही कधीतरी येईल म्हणून. डंडीची, हल बंदराची, कुणाचीही. त्या पाण्यात काही आपण एकटेच नव्हतो. चार वर्षं बसलो, बाई. किती वारे टंकले!” तो हसला, पण ते हसू धड नव्हतं. “मला दुसऱ्या कुणाकडून वाचून घेता आलं असतं. शेटलंडवाल्यांना पत्र टाकलं असतं. पण मला ते कॉर्डिनरच्या तोंडून ऐकायचं होतं. एकदाच. माफी नको, काही नको. नुसतं वाचलेलं.”

“आणि मी धुकं वाचलं.”

“हो. एकतीस वर्षं तुझा आवाज ऐकलाय मी, वादळात, बर्फात. तू कधी अडखळली नव्हतीस. त्या दिवशी चौदा तारखेला अडखळलीस. तेव्हाच कळलं कागदावर काय आहे ते.”

“मग टंकलंस का?”

“वाचणारा वाचेल ते टंकायचं, असा नियम आहे. म्हटलं, तीन आठवडे आहेत, बघू.” तो थांबला. “रोज वाट बघितली मी, एल्मा. खिडकी लावायला सांगितलीस त्या दिवशी तर मला वाटलं, आता.”

ती रडली नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला स्पष्ट वाटलं. तिने एवढंच म्हटलं, “चुकलं माझं. तुझ्याशी मी असं वागायला नको होतं.”

“नको होतं,” डॉड म्हणाला. मग त्याने बोटं विजारीला पुसली आणि यंत्र पुढे ओढलं. “चल. आता नीट वाच. फिनेलाचा बर्फ जागेवर ठेवू.”

एल्माने पानाचा फोटो उघडला, आणि तिच्या लक्षात आलं की डॉडला सगळं माहीत नाही.

पिंपं बांधणारा म्हातारा बेल्हेल्वीवर होता. बेल्हेल्वीवरून जे दिसलं तेवढंच तो सांगू शकत होता: धुकं नव्हतं, तोफ नव्हती, मासा होता. मेथवेनच्या डोलकाठीवरून काय दिसलं, ते त्याला कुठून ठाऊक असणार? बर्नींच्या घरात दीडशे वर्षं जे ठेवलं होतं त्यात होडी गेली एवढंच होतं. ती कुणाला तरी दिसली होती, आत माणसं वल्ही मारत होती, आणि बघणारे ‘त्यांची ते बघतील’ म्हणून पुढे निघून गेले, हे त्यात नव्हतं.

शेऱ्याचा रकाना कुणी जुळवत नाही. शेटलंडवाले शेरा भरतच नाहीत, कंटाळा करतात. आता हवामान खरं वाचलं की पान पक्कं होणार, नकाशा सुधारणार, अलेक्झांडरचं धुकं खोटं ठरणार. डॉडला जे हवं होतं ते त्याला मिळणार. राहिलेल्या दोन ओळी वाचून कुणाचं भलं होणार होतं? या वेळी तर स्वतःला वाचवायचंही काही नव्हतं. या वेळी लपवलं तर ते त्याच्यासाठी असतं, दयेपोटी, आणि त्याला आयुष्यभर कळलं नसतं.

अलेक्झांडरनेही कदाचित असंच स्वतःला समजावलं असेल. बायकापोरांना बरं वाटावं, म्हणून.

“चौदा ऑगस्ट,” ती म्हणाली. मग तिने पुन्हा सुरुवात केली, रेडिओवर करायची तशी. “चौदा ऑगस्ट. निरभ्र. नैर्ऋत्येची हलकी झुळूक. बर्फ नजरेत नाही.”

डॉडची दोन बोटं चालली. “शेरा?”

“आहे. दोन गोष्टी आहेत. दुसरी तुला माहीत नाही, डॉड.”

त्याने वर बघितलं. ती त्याच्याकडे न बघता वाचत गेली, कारण त्याच्याकडे बघून वाचता आलं नसतं. बेल्हेल्वी सात मैलांवर. मासा. चरबी. मग होडी. उत्तरेकडे, संध्याकाळी सहाला. वल्ही चालू. बेल्हेल्वीचीच असणार, तेच तिला घेतील असं समजून आम्ही वाट बदलली नाही.

टंकण्याचा आवाज ‘उत्तरेकडे’पाशी थांबला होता. खाली बंदरात बर्फाच्या पेट्या कुणीतरी फरशीवरून ओढत नेत होतं.

“पुन्हा वाच,” डॉड म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं.

“किती माणसं दिसली, लिहिलंय?”

“नाही.”

“वल्ही चालू म्हणजे जिवंत होते.”

“हो.”

“हवा?”

“स्वच्छ. तिकडे ऑगस्टमध्ये सहाला भरपूर उजेड असतो.”

“ते मला सांगू नकोस,” डॉड चिडून म्हणाला, आणि लगेच आवाज खाली आणला. “ते मला ठाऊक आहे.”

त्याने राहिलेली वाक्यं टंकली. एकेक अक्षर शोधत, नेहमीपेक्षा सावकाश. टंकून झाल्यावर त्याने फावड्यासारखे दोन्ही हात यंत्राच्या दोन बाजूंना ठेवले.

“पुढे.”

“आज राहू दे, डॉड. गुरुवारी करू.”

“पुढे वाच.”

“पंधरा ऑगस्ट,” एल्मा म्हणाली. “निरभ्र. झुळूक नैर्ऋत्येची.”

“शेरा?”

“नाही. खरंच नाही.”

“पुढे.”

“सोळा ऑगस्ट. निरभ्र. वारा पडलेला. समुद्र सपाट.”

त्याने टंकलं. एल्माला कळत होतं तो काय मोजतोय. सपाट समुद्रात सहा वल्ह्यांनी दिवसाला किती मैल कापता येतात, हे बंदरावरच्या कुणालाही मोजता येतं. पिण्याचं पाणी किती दिवस पुरतं, तेही.

“सतरा. निरभ्र. वारा नाही.”

“पुढे.”

“अठरा. सकाळी निरभ्र. संध्याकाळी उत्तरेला ढग.”

त्याने ‘ढग’ टंकलं. एल्माने पान वर सरकवलं, श्वास घेतला आणि पुढची तारीख उच्चारायला तोंड उघडलं.

“एकोणीस राहू दे,” डॉड म्हणाला. “ती तू तेव्हाच बरोबर वाचली होतीस.”